लांब पल्ल्यानंतर आंबलेले पाय: कोणता उपचार, कधी आणि किती

मॅरेथॉनच्या दुसऱ्या दिवशी जिना चढता येतो, उतरताना मात्र कठडा धरावा लागतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांब होत असतो आणि त्याच वेळी जोर लावून शरीराला खाली आपटण्यापासून रोखत असतो. धावताना प्रत्येक पावलाला हेच घडतं, आणि उतारावर तर कितीतरी जास्त. अशा हजारो ब्रेकांनी स्नायूतंतूंची आतली बांधणी जागोजागी विस्कटते, त्याभोवतीचं आवरण चिडतं, मग दुरुस्तीसाठी सूज येते आणि एरवी जाणवणारही नाही असा दाबसुद्धा दुखायला लागतो. सायकलपटूंचे पाय तासन्‌तास पेडल मारून गळून जातात, पण धावणाऱ्यांइतके आंबत नाहीत, कारण पेडल मारण्यात हे ब्रेक लावणं जवळजवळ नसतंच.

हे दुखणं लगेच येत नाही. साधारण 12 ते 24 तासांत सुरू होतं, 24 ते 72 तासांत कळसाला पोचतं आणि पाच-सात दिवसांत ओसरतं. व्यायामानंतर उशिरा येणाऱ्या या दुखण्याचं वर्णन थिओडोर हफ या शरीरशास्त्रज्ञाने 1902 मध्येच करून ठेवलंय, आणि तंतूंना झालेली सूक्ष्म इजा हे कारणही त्यानेच सुचवलं होतं. तरीही ‘पायात लॅक्टिक ॲसिड साठलंय, ते काढून टाका’ असं सांगणारे प्रत्येक शर्यतीच्या तंबूत भेटतात. रक्तातलं लॅक्टेट थांबल्यावर तासा-दीड तासात मूळ पातळीला येतं. दोन दिवसांनी दुखणाऱ्या मांडीशी त्याचा संबंध नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगितलेली बरी. खाली दिलेले बहुतेक उपचार दुखणं कमी करतात, हालचाल सोपी करतात, झोप लागू देतात. स्नायूची दुरुस्ती शरीर आपल्या वेळापत्रकाने करतं, आणि ते वेळापत्रक फारसं पुढे ओढता येत नाही. चुकीच्या वेळी चुकीचा उपचार केला तर ते लांबवता मात्र नक्की येतं. म्हणून हा लेख उपचारांच्या नावांप्रमाणे न लावता घड्याळाप्रमाणे लावला आहे.

आधी खात्री करा: आंबलंय की दुखावलंय?

पहिलं काम हेच, आणि नेमकं हेच घाईत राहून जातं. उपचाराच्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येकाला मी तीन गोष्टी विचारते.

दुखणं कुठे आहे, बोटाने दाखवता येतं की तळव्याने? आंबलेला माणूस अख्ख्या मांडीवरून हात फिरवतो. जो एकाच बोटाने ‘इथे’ म्हणून दाखवतो, त्याच्याकडे नीट पाहावं लागतं.

दोन्ही पायांत आहे की एकाच? शर्यत दोन्ही पायांनी धावलेली असते, त्यामुळे आंबणंही साधारण दोन्हीकडे असतं. एका बाजूला जास्त असू शकतं, पण एकच पोटरी दुखतेय आणि दुसरी ठणठणीत, असं असेल तर शंका घ्यायची.

सुरू कधी झालं? धावताना अमुक वळणावर चमक भरली, काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि त्यानंतर लंगडत आलो, हा स्नायू फाटल्याचा इतिहास आहे. आंबलेल्या पायाचा मालक सहसा सांगतो, ‘काल ठीक होतो, आज उठवेना.’

नडगीवर किंवा पावलाच्या हाडावर दाबून एका जागी तीव्र कळ येत असेल, एका पायावर हलकी उडी मारताच ती कळ वाढत असेल किंवा रात्री पडल्या पडल्या हाड ठणकत असेल, तर हाडाला ताणाची चीर पडलेली असू शकते. मसाज, रोलर सगळं बाजूला ठेवा आणि तपासणी करून घ्या.

पुढची लक्षणं दिसली तर फिजिओथेरपिस्टकडेही थांबू नका, थेट रुग्णालय गाठा:

- लघवी काळपट, कोऱ्या चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची होणे, किंवा फारच कमी होणे. सोबत स्नायू प्रचंड सुजलेले आणि दुबळे पडलेले. स्नायू मोठ्या प्रमाणात मोडून त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडात उतरल्याची ही खूण असू शकते.
- एकाच पोटरीला सूज, ऊब, लाली आणि खोलवर दुखणं, विशेषतः शर्यतीनंतर लांबचा विमान किंवा गाडीचा प्रवास झाला असेल तर. रक्ताच्या गुठळीची शंका असताना त्या पोटरीला मसाज अजिबात करायचा नाही. सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर एक मिनिटही घालवू नका.
- पोटरी किंवा नडगी दगडासारखी कडक, पावलाला मुंग्या किंवा बधिरता, आणि विश्रांती घेऊनही वाढत जाणाऱ्या वेदना.
- डोकेदुखी, उलट्या, गोंधळल्यासारखं बोलणं. हे स्नायूंचं दुखणं नव्हे. अतिरिक्त पाणी पिऊन रक्तातलं सोडियम उतरलं तरी असं होतं.

जाता जाता एक सूचना: शर्यतीनंतरच्या आठवड्यात नेमकी नेहमीची रक्ततपासणी आली तर ती पुढे ढकला. सीके हे स्नायूंमधलं एंझाइम भरपूर वाढलेलं असतं, आणि यकृताच्या तपासणीत मोजले जाणारे एसजीओटी-एसजीपीटीही वाढलेले दिसतात, कारण हे पदार्थ स्नायूंतूनही बाहेर पडतात. तपासणी टाळता येण्यासारखी नसेल तर डॉक्टरांना शर्यतीबद्दल आधी सांगा, म्हणजे निष्कारण यकृताची चौकशी सुरू होणार नाही.

पहिले दोन तास

अंतिम रेषा ओलांडली की लगेच बसू नका. दहा-पंधरा मिनिटं रमतगमत चाला. पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात, पोटरीचे स्नायू पंपासारखे रक्त वर ढकलत असतात. ते अचानक थांबले की डोळ्यांपुढे अंधारी येते. चालून झालं की ओले कपडे बदला, मग पाय थोडे उंचावर ठेवून आडवे व्हा. पाणी तहानेप्रमाणे, घोट घोट. मग खाणं, त्यात पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनं दोन्ही असू द्या.

पोटरीत गोळा आला तर पाय सरळ ठेवून पावलाचा पुढचा भाग हळूहळू नडगीकडे ओढा आणि तिथेच धरून ठेवा. गोळा सुटेपर्यंत झटके नकोत, चापट्या नकोत. स्नायू ताणून धरण्याला मी गोळ्याच्या बाबतीत पहिलं स्थान देते. आंबण्याच्या बाबतीत त्याला जवळपास काहीच स्थान नाही, ते पुढे येईल.

या दोन तासांत खोल मसाज करून घेऊ नये. तंबूत रांग असते, हौसेने आलेला एखादा स्वयंसेवक कोपराने मांडी दाबत असतो आणि धावपटूही दात-ओठ खाऊन सहन करतो, ‘दुखलं म्हणजे लागू पडलं’ या समजुतीने. नुकत्याच विस्कटलेल्या तंतूंवर असा दाब म्हणजे वरून आणखी मार. हलका, वरवरचा हात चालेल, तोही अंगातली थरथर थांबल्यावर.

आणि वेदनाशामक गोळ्या. इबुप्रोफेन गटातली गोळी शर्यतीआधी, शर्यतीत किंवा लगेच नंतर घेण्याची सवय धावपटूंमध्ये भयंकर पसरलीय. शरीर कोरडं पडलेलं असतं, मूत्रपिंडाकडे रक्त आधीच कमी जात असतं आणि ही गोळी तेच रक्त आणखी आवळते. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनहून लांब पल्ल्याच्या, धावपटूंपैकी निम्म्यांना इबुप्रोफेन आणि निम्म्यांना नुसती नकली गोळी दिली होती. मूत्रपिंडाला तात्पुरती इजा इबुप्रोफेनवाल्यांत अधिक आढळली. गोळी घ्यावीच लागली तर खाऊन-पिऊन, लघवी स्वच्छ आणि नेहमीसारखी होऊ लागल्यावर, डॉक्टरांना विचारून.

त्याच संध्याकाळी: थंड पाणी, पण मोजून

थंड पाण्यात बसल्याने पुढच्या दोन-तीन दिवसांचं दुखणं थोडं कमी होतं, हे बऱ्यापैकी सिद्ध झालंय. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या 2012 च्या आढाव्यात 17 छोट्या चाचण्या आणि 366 माणसं होती. नुसती विश्रांती घेणाऱ्यांपेक्षा थंड पाण्यात बसणाऱ्यांना दुखणं कमी जाणवलं. थंडीने मज्जातंतूंचे संदेश मंदावतात, वरच्या रक्तवाहिन्या आवळतात, शिवाय पाण्याचा दाब सूज थोडी आत ढकलतो.

करायचं कसं?

1. पाणी 10 ते 15 अंश सेल्सिअस ठेवा. अंदाज नको, थर्मामीटर टाका. तरंगणाऱ्या बर्फाने भरलेला टब फोटोत छान दिसतो, पण चार-पाच अंशांचं पाणी जास्त गुणकारी असल्याचा पुरावा नाही. त्वचा आणि नसा मात्र दुखावू शकतात.
2. कंबरेपर्यंत पाणी पुरेसं आहे. वर स्वेटर, डोक्यावर टोपी चालेल. पायाची बोटं फार झोंबत असतील तर मोजे घालून बसा.
3. हळूहळू उतरा, पहिलं मिनिट लांब उच्छ्वासावर लक्ष द्या. सुरुवातीची धाप थांबते.
4. 10 ते 15 मिनिटं. अधूनमधून पाय हलवा, कारण त्वचेलगतचं पाणी कोमट होतं.
5. बाहेर आल्यावर अंग कोरडं करून उबदार कपडे घाला. शरीर पुढची काही मिनिटं आणखी थंड होत राहतं, म्हणून लगेच गाडी चालवायला बसू नका.
6. जवळ कोणीतरी हवंच. थकलेल्या माणसाने एकट्याने थंड टबात बसू नये.

हृदयरोग, अनियंत्रित रक्तदाब, थंडीने बोटं पांढरी पडण्याचा आजार, मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेली, उघडे फोड किंवा जखमा: यापैकी काही असेल तर हा उपचार तुमच्यासाठी नाही. आणि ज्यांना तो छळ वाटतो त्यांनी सोडून द्यावा. फायदा इतका मोठा नाही की त्यासाठी दात वाजवत बसावं.

थंड पाण्याची रोजची सवय मात्र लावू नका. वजन उचलण्याच्या व्यायामानंतर नियमित थंड पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू आणि ताकद कमी वाढल्याचं 2015 च्या एका अभ्यासात दिसलं. दाह हा स्नायूला सरावातून बळकट होण्याचा संदेशही असतो. मोठी शर्यत झाली, किंवा लागोपाठ दिवस धावायचं आहे, तेव्हा थंड पाणी वापरा; सरावाच्या दिवसांत शरीराला त्याचं काम करू द्या. सगळं अंग गोठवणाऱ्या क्रायोथेरपीच्या खोल्यांबद्दल विचाराल, तर पैसे वाचवा. कोक्रेनने 2015 मध्ये तोही आढावा घेतला होता आणि पुरावा अपुरा ठरला.

रात्री दाब देणारे मोजे किंवा पट्टे वापरायला हरकत नाही. घट्ट हवेत, पण बोटं निळी पडतील किंवा गुडघ्यामागे वळी बसेल इतके नकोत. परिणाम लहान आहे, धोका जवळजवळ नाही. पहिले 24 ते 48 तास, जमेल तेवढा वेळ. झोप मात्र मोजूनमापून घेऊ नका. जितकी येईल तितकी घ्या. शर्यतीच्या रात्री पाय ठणकून झोप उडते, हे स्वाभाविक आहे. गुडघ्यांखाली उशी घेऊन पाठीवर झोपलं की मांडीचा ताण सुटतो.

दुसरा दिवस: मसाज

दुखणं कमी करण्याच्या शर्यतीत सगळ्या उपचारांत मसाज पुढे आहे. 2018 मध्ये 99 अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात आंबणं आणि थकवा या दोन्हींवर मसाजच सर्वांत प्रभावी निघाला. पोहणं, सायकल आणि धावणं सलग असलेल्या आयर्नमॅन ट्रायथलॉननंतरच्या एका चाचणीत मांडीच्या पुढच्या स्नायूला केवळ सात मिनिटांचा मसाज दिला तरी दुखणं आणि थकवा कमी झाल्याचं खेळाडूंनी सांगितलं. दुसरी बाजूही ऐका: वेस्टर्न स्टेट्स या 161 किलोमीटरच्या अल्ट्रानंतर रोज 20 मिनिटं मसाज घेणाऱ्यांना त्या त्या वेळी बरं वाटलं, पण पुढच्या दिवसांत 400 मीटर धावण्याच्या वेळेत नुसती विश्रांती घेणाऱ्यांपेक्षा फरक पडला नाही. मसाजकडून बरं वाटण्याची अपेक्षा ठेवा, ती तो पुरी करतो.

मसाज लॅक्टेट ‘धुऊन काढतो’ हेही खरं नाही. 2012 मध्ये मसाजआधी आणि नंतर स्नायूचे नमुने घेऊन पाहिलं, तेव्हा लॅक्टेटवर परिणाम दिसला नाही. दाहाचे संदेश मात्र कमी झालेले दिसले.

घरच्या माणसाकडून करून घ्यायचा तर असा:

*पोटरी.* पालथं झोपा. घोट्याखाली जाडसर उशी, म्हणजे गुडघा थोडा वाकतो आणि पोटरी सैल पडते. ही उशी विसरली तर ताणलेल्या स्नायूवर दाब पडतो आणि सगळंच बेकार जातं. हाताला थोडं तेल. दोन्ही तळवे टाचेच्या वरच्या कंडरेवर ठेवून गुडघ्याकडे सावकाश सरकवा. एक फेरी साधारण चार-पाच सेकंदांची. वर जाताना दाब, खाली येताना हात नुसता टेकलेला. आठ-दहा फेऱ्यांनंतर अंगठा आणि बोटांमध्ये पोटरीचं मांस उचलून हळूहळू चुरत वर जा. गुडघ्यामागची लवण सोडून द्या, तिथून मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसा जातात. शेवटी पुन्हा चार-पाच लांब फेऱ्या.

*मांडी.* पाठीवर, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल. गुडघ्याच्या वाटीच्या वरून जांघेच्या चार बोटं अलीकडपर्यंत त्याच पद्धतीने. सर्वांत जास्त आंबलेला भाग बहुधा वाटीच्या वर, आतल्या आणि बाहेरच्या फुगवट्यावर असतो. तिथे दाब कमी करायचा, वेळ वाढवायचा.

*खुबा आणि नितंब.* कुशीवर झोपून, वरचा गुडघा उशीवर. तळव्याच्या टाचेने गोल गोल. इथला स्नायू जाड असल्याने थोडा अधिक दाब सोसतो.

दाबाचं माप एकच: दुखणं दहापैकी तीन-चारच्या वर जाता कामा नये. श्वास रोखला गेला, पाय आपोआप आखडला, की दाब जास्त झाला. एका पायाला दहा-बारा मिनिटं पुरेत. बोटाने दाबल्यावर खळगा राहत असेल किंवा निळा डाग दिसत असेल तर त्या जागी हात लावू नका. खोल दाबाचा मसाज हवाच असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर, प्रशिक्षित हातांकडून.

माणूस उपलब्ध नसेल तर फोम रोलर. प्रत्येक भागावर मिनिट-दोन मिनिटं, अगदी संथ. घाईघाईने खालीवर घासण्याने काही होत नाही. मांडीवर रोल करताना दोन्ही पाय एकदम ठेवून वजन वाटून घ्या, हात जमिनीवर टेकवून भार कमी-जास्त करता येतो. रोलरने दुखणं थोडं कमी होतं, हालचालीचा पल्ला तात्पुरता वाढतो. मांडीच्या बाहेरच्या कडेची जाड पट्टी रोलरखाली रडेपर्यंत दाबणारे पुष्कळ भेटतात. ती पट्टी अशी ‘सैल’ होत नसते. कंबर, गुडघ्यामागचा भाग आणि नडगीचं हाड यांवर रोलर चालवू नका. मसाज गनलाही हेच नियम लागू, फक्त सर्वांत हळू वेगावर आणि हाडापासून दूर.

दुसऱ्यापासून चौथ्या दिवसापर्यंत: हलतं राहा

या दिवसांत गादीत पडून राहणारे आणि ‘आळस झाडायला’ दहा किलोमीटर पळून येणारे, दोघेही मला सारखेच काळजीत टाकतात. हलक्या हालचालीने दुखणं तात्पुरतं पण चांगलंच उतरतं. सकाळी लाकडासारखे झालेले पाय दहा मिनिटं चालल्यावर माणसात येतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

रोज 20 ते 30 मिनिटं, सपाट जागी चालणं किंवा रोध जवळजवळ शून्य ठेवून सायकल. पूर्ण वाक्यं न धापता बोलता आली पाहिजेत. तरणतलाव असेल तर त्याहून उत्तम: कंबरेइतक्या पाण्यात शरीराचा भार साधारण निम्मा होतो आणि पाय खाली टेकताना ब्रेक लावावा लागत नाही. पुढे चाला, मागे चाला, मग कठडा धरून पाय झुलवा.

दिवसातून तीन-चार वेळा हे एवढंही करा: पाठीवर पडून घोटे वर-खाली वीस वेळा, एकेक टाच गादीवरून सरकवत गुडघा वाकवणं दहा वेळा, दोन्ही गुडघे वाकवून कंबर उचलणं आठ-दहा वेळा. मग उभं राहून खुर्चीच्या पाठीचा आधार घेऊन अर्धं बसणं, जेवढं विनासायास जमेल तेवढंच. जिना उतरणं या दिवसांत कमीत कमी ठेवा, उतरावाच लागला तर कठडा धरून, अंग बाजूला वळवून उतरा.

स्नायू ताणण्याचे व्यायाम? कोक्रेनच्या 2011 च्या आढाव्यानुसार व्यायामाआधी किंवा नंतर स्ट्रेचिंग केल्याने पुढच्या दिवसांच्या आंबण्यात पडणारा फरक 100 गुणांच्या मापावर फार तर चार गुणांचा. म्हणजे कळणारही नाही. बरं वाटत असेल तर हलकेच, 20-30 सेकंद, दुखण्याच्या अलीकडे थांबून करा. दुखऱ्या मांडीला टाच नितंबापर्यंत ओढून ताणणं या दिवसांत टाळाच.

शेक द्यावा का? पहिल्या दिवशी पाय गरम आणि फुगलेले वाटत असतील तर नको. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून जखडलेपणा जास्त आणि सूज कमी, अशी अवस्था असते. तेव्हा कोमट पाण्याची अंघोळ किंवा ओला गरम टॉवेल 15-20 मिनिटं, हालचालीच्या आधी. मग लगेच चालायला जा, म्हणजे शेकल्यामुळे आलेली मोकळीक वापरली जाते.

क्लिनिकमधली यंत्रं

त्वचेवरच्या पट्ट्यांतून सौम्य वीजप्रवाह देणाऱ्या टेन्स यंत्राने वेदना कमी होतात, पण बहुतेक वेळा यंत्र चालू असेपर्यंत आणि नंतर थोडा वेळ. 80 ते 120 हर्ट्झ, 20-30 मिनिटं, झिणझिण्या स्पष्ट जाणवाव्यात पण स्नायू आखडू नये. पेसमेकर असलेल्यांनी वापरू नये, गरोदरपणात विचारल्याशिवाय नाही, आणि पट्ट्या सुन्न किंवा जखमी त्वचेवर लावू नयेत. मी ते फार दुखणाऱ्यांना रात्री झोपण्यापूर्वी सुचवते, बाकीच्यांना नाही.

हवा भरून पायांना आळीपाळीने दाबणारे बूट आरामदायी असतात. वर सांगितलेल्या वेस्टर्न स्टेट्सच्या चाचणीत त्यांची कामगिरी मसाजसारखीच होती: त्या क्षणी हलकं वाटलं, पुढच्या धावण्यात फरक नाही. मिळाले तर वापरा, विकत घेण्याची घाई नको.

उपचाराच्या अल्ट्रासाउंड यंत्राचं डोकं पायावर फिरवून घेण्यात या दुखण्यासाठी अर्थ नाही. चाचण्यांत त्याचा उपयोग दिसलेला नाही, तरीही ते कित्येक ठिकाणी ठरलेल्या पॅकेजात असतंच. त्वचेवर चिकटवायच्या रंगीत टेपने आंबणं फारसं कमी होत नाही. ड्राय नीडलिंगने, म्हणजे स्नायूत बारीक सुई टोचण्याने, तर सुईचं दुखणं वर येतं. शर्यतीनंतरच्या पहिल्या तीन दिवसांत मी ते करत नाही. तुमचा फिजिओथेरपिस्ट आंबलेल्या पायांसाठी दहा बैठकांचा कोर्स सुचवत असेल, तर पाच-सात दिवसांत आपोआप ओसरणाऱ्या दुखण्याला दहा बैठका कशासाठी, हे विचारायला संकोच करू नका. सातव्या दिवसानंतरही दुखणं तसंच असेल तर तो प्रश्न उलटा होतो: मग बैठका नकोत, नव्याने तपासणी हवी.

पुन्हा धावायला कधी?

दुखणं गेलं म्हणजे ताकद परत आली असं नसतं. मॅरेथॉननंतर ताकद भरून यायला आठवडाभर, कधी त्याहून जास्त लागतो, आणि दुखणं त्याआधीच ओसरलेलं असतं. दुसऱ्या आठवड्यात होणाऱ्या दुखापती बऱ्याचदा याच फटीतून शिरतात. धावण्याआधी या चाचण्या घ्या:

1. कठडा न धरता, नेहमीच्या वेगाने एक मजला उतरा.
2. एका पायावर उभं राहून टाच उचला, सलग वीस वेळा. मग दुसरा पाय. दोन्हींची उंची सारखी हवी. डाव्या पायाच्या पंधराव्या वेळी टाच अर्धीच उठत असेल तर ती मोजू नका.
3. एका पायावर अर्धं बसा, पाच वेळा. गुडघा आत झुकता कामा नये.
4. जागच्या जागी एका पायावर दहा हलक्या उड्या. कळ नाही, आवाज नाही, धप्पकन आदळणं नाही.

चारही जमलं तर पहिली धाव सपाट रस्त्यावर, 20 ते 30 मिनिटं, अगदी सावकाश. मधे मिनिटभर चालायला लाज नको. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय आदल्या दिवसासारखेच असतील तर एक दिवस सोडून पुन्हा. पूर्ण मॅरेथॉननंतर मी पहिला आठवडा धावण्याशिवाय काढायला सांगते, चाचण्या तिसऱ्याच दिवशी जमल्या तरी. वेगाचा सराव आणि उतार तिसऱ्या आठवड्याआधी नाही.

पुढच्या शर्यतीआधी

आंबण्यावर सर्वांत जोरकस उपाय शर्यतीच्या कित्येक आठवडे आधी घ्यायचा असतो. स्नायूला ब्रेक लावण्याचा डोस एकदा मिळाला की पुढच्या वेळी तोच भार त्याला बराच कमी दुखावतो, आणि हे संरक्षण कित्येक आठवडे टिकतं. विशेष म्हणजे पहिला डोस पाय जायबंदी करणारा असावा लागत नाही, थोडक्यावरही भागतं.

म्हणून शर्यतीच्या आठ-दहा आठवडे आधीपासून आठवड्यातून दोनदा हे घ्या. पायरीच्या कडेवर एका पायाने उभं राहून दुसरी टाच खालच्या जमिनीला टेकेपर्यंत तीन-चार सेकंद घेत हळूहळू उतरणं, प्रत्येक पायाने आठ वेळा, दोन फेऱ्या. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहून दोन्ही पायांनी वर जाणं आणि एका पायाने सावकाश टाच खाली सोडणं, दहा वेळा, दोन फेऱ्या. भार दर दोन आठवड्यांनी थोडा वाढवा, फेऱ्या तीनवर न्या, मग हातात वजन घ्या.

मार्गात मोठा उतार असेल तर तो सरावातही हवा. सौम्य उतारावर पाच मिनिटांपासून सुरुवात करून हळूहळू वीसपर्यंत जा, पावलं छोटी आणि भरभर टाका, शरीर मागे झुकवून टाचेवर आदळत उतरू नका. छोट्या पावलांनी प्रत्येक ब्रेकचा जोर कमी होतो. उताराची शेवटची लांब धाव शर्यतीच्या दोन ते तीन आठवडे आधी संपवा, शेवटच्या दहा दिवसांत हळू उतरण्याचे व्यायामही बंद ठेवा, नाहीतर आंबलेले पाय घेऊनच सुरुवातीच्या रेषेवर उभं राहाल.